डॉक्टरीणबाईंचं दुखणं

आमच्या सुनेला अख्खा जिना ओळखतो, कारण आत्ताआत्तापर्यंत लिफ्ट बंद असायची. ती खालून वर येईपर्यंत मजल्यागणिक एकेक दार उघडायचं आणि एकेक अवयव बाहेर यायचा. पहिल्या मजल्यावरच्या काकूंचा गुडघा, त्यांच्या डोक्यावर राहणाऱ्या मास्तरांचा रक्तदाब, मास्तरांच्या समोरच्या बाईंच्या नातवाचं पोट. पोटातून काय निघालं आणि कोणत्या रंगाचं, तेसुद्धा जिन्यात उभ्या उभ्या. मी वरून कठड्यावर वाकून ओरडायचे, "अहो, तिला वर तर येऊ द्या, चहा निवतोय!" तर काकू खालून म्हणायच्या, "तुमचं बरंय बाई, घरात डॉक्टर बांधून ठेवलाय!"

लिफ्टचं म्हणाल तर आमचा मुलगा लिफ्टदुरुस्तीचंच काम करतो. साऱ्या शहराला तो वर-खाली करतो, आणि आमची लिफ्ट मात्र "बघू रविवारी" म्हणून पडलेली. ते पुढं येईलच.

सून लग्न होऊन आली तेव्हा नुकतीच डॉक्टर झाली होती. मोठ्या हॉस्पिटलात, पुरुषांच्या वॉर्डात. ड्युटीवरून आली की दाराजवळच्या खुर्चीत बसायची आणि बूट काढता काढता बोलायला लागायची. नाव कोणाचं सांगायची नाही, ते तिच्या कामात बसत नाही. "खिडकीजवळचे आजोबा", "मिशीवाले", "तो रेडिओवाला". पण त्या खुर्चीतून मला अख्खा वॉर्ड दिसायचा. मिशीवाल्यांना घरी सोडलं त्या दिवशी मी इकडे चहात साखर जास्त घातली होती. आता त्या माणसाला मी जन्मात पाहिलेलं नाही, पण आनंद झाला तर झाला.

मग हळूहळू ती खुर्ची गप्प झाली. बूट निघायचे, शब्द निघायचा नाही.

आम्हाला वाटलं दमली असेल. दमणारच. सकाळची गेलेली दुसऱ्या सकाळी येते, डब्यातला भात जसाच्या तसा परत आणते. पण दमलेला माणूस झोपला की उतरतो. ही झोपून उठली की झोपण्यापूर्वीपेक्षा जास्त दमलेली दिसायची. फोन वाजला की दोन्ही खांदे कानांपर्यंत चढायचे. एकदा माझ्या लेकाच्या हातातला चमचा ताटावर वाजला, तर त्याच्यावर अशी खेकसली की तो बिचारा उरलेलं जेवण हातानं जेवला.

आणि आमची नात भिंगरी. ती नावाप्रमाणेच घरभर फिरत असते. तिचा पहिला दात पडला. तो मुठीत धरून ती धावत गेली. "आई, माझा दात पडला!"

आमची बाई मान वर न करता म्हणाली, "कधीपासून?"

"आत्तापासून!" भिंगरी म्हणाली.

आम्ही सगळे पोट धरून हसलो. ती हसली नाही. आम्ही का हसतोय तेही तिला कळलं नाही.

त्याच सुमारास मला खोकला झाला. साधाच, पण लेकानं टुमणं लावलं, "अगं, आईची छाती बघ ना जरा." एका दुपारी ती आली, बूटसुद्धा काढले नव्हते, तशीच माझ्यासमोर स्टुलावर बसली. तपासायची नळी माझ्या छातीला लावली. "श्वास घ्या. सोडा. घ्या. सोडा." मग पाठीला लावली. मग म्हणाली, "छान आहे आई, काही नाही."

मी बघते तर नळीची दोन्ही टोकं तिच्या गळ्यातच. कानात घातलीच नव्हती.

मला वाटलं माझी थट्टा करतेय. किती दिवसांनी थट्टा केली म्हणून मला बरंसुद्धा वाटलं. मी म्हटलं, "अगं, आता गळ्यानंच ऐकू येतं वाटतं डॉक्टरांना?"

तिनं हात गळ्याकडे नेला, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. नुसता उतरला नाही, पुसल्यासारखा गेला. ती अगदी हळू म्हणाली, "आई, आज सकाळी वॉर्डात मी किती जणांना असं तपासलं असेल?"

"छे गं! तिथं नसेल केलंस."

"मला आठवत नाही. तेच तर. मला एकही चेहरा आठवत नाही." मग तिनं ती नळी गळ्यातून काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली, जशी एखादी दुसऱ्याची वस्तू परत करावी. "मी सोडते आई. हे काम सोडते. माझ्या हातून कोणी जायच्या आत."

ही लहानपणी बाहुल्यांना औषध पाजायची, असं तिची आई सांगते. बाहुल्यांचं जाऊ द्या, पण मी स्वतः या बाईला रेडिओवाल्याचा ताप उतरला म्हणून खुर्चीत बसल्या बसल्या टाळी वाजवताना पाहिलंय. तिनं काम सोडलं असतं तर आमच्या घरात कोणी उपाशी राहणार नव्हतं. पण ती स्वतःला खोटी ठरवून सोडणार होती. असं सोडलेलं काम माणसाला पुढं कधी सोडत नाही, हे मला दिसत होतं. पण बोलायचं काय? लेकानं मात्र तोंड उघडलं.

"चार दिवस कुठंतरी जाऊन येऊ," तो म्हणाला. "हवापालट."

"हवा बदलून काय होणार? मी तीच येणार ना बरोबर?" ती म्हणाली.

खाली काढलेली बॅग त्यानं परत माळ्यावर चढवली.

रविवारी तिची कॉलेजातली मैत्रीण आली. तीही डॉक्टर, त्याच हॉस्पिटलात ऑपरेशनच्या वेळी भूल देते. आम्ही तिला भूलवालीच म्हणतो. आवाज असा, की भूल उतरलेला माणूसही दचकून परत झोपेल. तिनं सुनेला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "कधीपासून?"

"आत्तापासून!" भिंगरी कोपऱ्यातून ओरडली.

"तू गप गं. हं, बोल. सकाळी उठवत नाही? पेशंट खाटांसारखे दिसायला लागलेत? आणि आपण केलं काय नि न केलं काय, सारखंच वाटतं?"

सून बघतच राहिली. "तुला कोणी सांगितलं?"

"मला झालं होतं! गेल्या वर्षी."

"तू बोलली नाहीस?"

"तू बोललीस?" भूलवाली म्हणाली. "आपली जातच मेली तशी. दुसऱ्याला शिंक आली तर चार तपासण्या लिहून देऊ, आणि स्वतः कोसळेपर्यंत 'मी ठीक आहे'. याला बर्नआउट म्हणतात, तुला नाव ठाऊक आहे, परीक्षेत लिहिलंही असशील. मी ज्यांच्याकडे गेले होते त्यांच्याकडे जा. उद्या जा. काम सोडायचं की नाही ते नंतर ठरव."

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. कोणाला तरी पिशवी धरायला लागतेच.

त्या मनाच्या डॉक्टर होत्या. बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून खुर्च्या, एक पंखा, कुंडीत एक रोप, आणि आमच्यासारखीच बसलेली माणसं. मी मजेत बसले. रांगेत बसायची मला सवय आहे. आमच्या डॉक्टरीणबाईंना मात्र पेशंट होऊन बसायचं कसं तेच ठाऊक नव्हतं. कधी उठायची, भिंतीवरचा तक्ता वाचायची, त्यातली चूक काढायची, परत बसायची. कोणी खोकलं की तिची मान तिकडे वळायची. शेजारच्या बाईंनी सहज विचारलं, "तुम्हाला काय होतंय?"

"मला? काही नाही," ती झटकन म्हणाली आणि माझ्याकडे बोट केलं. "यांना आणलंय."

मी काय म्हणणार? म्हटलं, "हो ना, डोकं फिरलंय माझं. घरात कोणाचं ऐकत नाही." त्या बाई जरा सरकून बसल्या.

थोड्या वेळानं आतून हाक आली ती सुनेच्या नावाची. मी त्या बाईंना म्हटलं, "पाळी माझी, पण आत जाणार ही. असं वेड आहे बघा."

दाराशी डॉक्टर म्हणाल्या, आजी बाहेर थांबतील का? पण सुनेनं माझं मनगट असं धरलं होतं, की त्याच्याबरोबर मीही आत गेले. डॉक्टर माझ्याहून थोड्याच लहान, पांढरे केस, पायात सपाता. त्यांनी विचारलं, "काय होतंय?" आणि आमची बाई सुरू झाली. "झोप कमी, भूक कमी, वजन घटलेलं, एकाग्रता..."

"थांब," डॉक्टर म्हणाल्या. "ही केस मला नंतर सांग. तुला काय होतंय ते सांग."

तिला सांगता येईना. डॉक्टरांनी घाई केली नाही. पुढं त्यांनी एकच विचारलं, आणि ते इतकं साधं होतं की मला वाटलं या गप्पाच मारतायत. "ड्युटी संपल्यावर पेशंट कोणाकडे देतेस?"

ते मला तिच्या दाराजवळच्या खुर्चीतल्या गोष्टींतून माहीत होतं. ड्युटी बदलताना जाणारा डॉक्टर आणि येणारा डॉक्टर खाटांच्या रांगेतून बरोबर चालतात. जाणारा प्रत्येकाचं सांगतो, यांना ताप आहे, यांची नाकातली नळी उद्या काढायची, यांची लेक भेटायला येईल. आणि येणारा प्रत्येकाला म्हणतो, "घेतला." तो "घेतला" म्हणाला की तो माणूस त्याचा. जाणाऱ्यानं मागं वळून बघायचं नाही, घरी जायचं.

"सगळे सोपवून येते," सून म्हणाली.

"आणि जे त्या दिवशी गेले, ते?"

सून ओढणीच्या टोकाला पीळ घालायला लागली.

"त्यांची खाट रिकामी असते," सून म्हणाली. "त्यांचं काही सांगायचं नसतं. तिथून पुढं चालायचं."

"मग ते कोणी घेतले?"

तेव्हा तिचा बांध फुटला. बस चालवून निवृत्त झालेले एक काका होते. रोज सकाळी ही खाटेजवळ गेली की तेच हिला विचारायचे, "डॉक्टर, खाल्लं का काही?" एका सकाळी ही शेजारच्या खाटेवर असतानाच ते गेले. हिनं सगळं केलं, जे करायचं ते. मग त्यांच्या लेकीला बाहेर जाऊन सांगितलं. "आणि सांगताना," ती हुंदके देत म्हणाली, "सांगताना माझ्या डोक्यात काय होतं माहितीये? घरी दूध आहे का संपलंय. ती मुलगी माझ्यासमोर रडत होती आणि मी दुधाचा विचार करत होते. मग मी आत गेले आणि म्हटलं, पुढचा घ्या."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. दुसरं मला काय येतं?

डॉक्टरांनी समजावलं, तेही अगदी आपल्याला कळेल असं. म्हणाल्या, तू दगड झालेली नाहीस. मनावर इतकं आलं की ते दार लावून घेतं. ते दार वॉर्डात लावलं की घरातही लागतं, पोरीच्या दातालाही लागतं. यात तू कमी पडलीस असं काही नाही, एका माणसावर दोघांचं काम टाकलं की हे होतं. औषध म्हणून आधी रजा, झोप, दर आठवड्याला माझ्याकडे येणं. आणि परत जाशील तेव्हा ड्युटीला ड्युटी जोडून करायची नाही, ते मी लिहून देते. "काम सोडायचं असेल तर जरूर सोड," त्या म्हणाल्या. "पण तापात असताना घर विकू नये. ताप उतरू दे, मग ठरव."

रजेचे पहिले दिवस ती नुसती झोपली. मी जिन्यात उतरून सगळ्या दारांना सांगून आले, डॉक्टर घरात नाहीत. "मग खिडकीत कोण दिसली?" काकूंनी विचारलं. "माझी सून," मी म्हटलं. "ती डॉक्टर नाही." काकू हुशार, त्यांनी गुडघा आत घेतला. उलट संध्याकाळी वाटीभर गरम सूप वर पाठवलं.

मग ती उठून माझ्याशेजारी बसायला लागली. आम्ही मटार सोलायचो. तिचे सगळे दाणे सारखे, सरळ रांगेत, जणू टाके घातलेत. भिंगरी येऊन ती रांग खाऊन टाकायची. बोलणं फार नसायचं. दर आठवड्याला ती एकटी त्या सपातावाल्या डॉक्टरांकडे जाऊन यायची. कधी डोळे लाल करून, कधी भुकेनं कासावीस होऊन. भुकेली आली की मला बरं वाटायचं.

आणि एका रविवारी माझ्या लेकाला एकदाची आमची लिफ्ट आठवली. अवजारांची पेटी घेऊन ऐटीत गेला. थोड्या वेळानं भिंतीतून हाका यायला लागल्या. "आई! अगं ए! कोणीतरी या!" लिफ्ट दुसऱ्या मजल्याच्या थोडी वर अडकली होती आणि तिला दुरुस्त करणारा आत.

सून जिन्यावर धावली. फटीतून त्याचे नुसते बूट दिसत होते. तिनं विचारलं, "श्वास घेता येतोय ना?"

"येतोय!"

"कधीपासून अडकलायस?"

"मला काय ठाऊक! कोणाला तरी फोन कर!"

"कोणाला करू? लिफ्टवाल्यालाच करायचा ना?" ती म्हणाली, आणि लिफ्टवाल्याचा, म्हणजे त्याचाच, फोन जाताना त्यानं तिच्या खिशात ठेवायला दिलेला. त्यावर जे तिला हसू फुटलं, ते जिन्यात बसकण मारून, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. दारं उघडली. मास्तर आले, काकू गुडघ्यासकट वर चढून आल्या. आतून लेक विचारतोय, "हसतंय कोण?" मी म्हटलं, "तुझी बायको. तू आतच थांब जरा."

त्याच्या कंपनीतल्या जोडीदारानं येऊन त्याला सोडवलं. बाहेर आल्यावर तो ओशाळून म्हणाला, "लोकांच्या बघता बघता आपली राहूनच गेली." तिनं त्याच्या कपाळावरचं ग्रीस आपल्या ओढणीनं पुसलं. "माझीही," ती म्हणाली.

रजा संपली. ती परत गेली, पण ठरवायचं अजून तसंच होतं. जाताना म्हणाली, "आई, थोडे दिवस करून बघते. जमलं नाही तर सोडीन, पण या वेळी डोळे उघडे ठेवून सोडीन." माझा जीव टांगणीला लागला. ती येईपर्यंत मी दारातली खुर्ची दोनदा पुसली.

वॉर्डात तिनं आणि भूलवालीनं मिळून एक गोष्ट काढली. खाटांची फेरी संपली की शेवटी, दारापाशी, जाणाऱ्या डॉक्टरनं एवढंच सांगायचं, की माझ्याकडे कोण राहिलं. रिकाम्या खाटेवरचा माणूस. एखादं वाक्य, बस. आणि येणाऱ्यानं म्हणायचं, "घेतला." त्यांचे मोठे डॉक्टर आधी कुरकुरले, "आमच्या वेळी हे लाड नव्हते." भूलवाली म्हणाली, "म्हणूनच तुमचा स्वभाव असा झाला सर." सगळ्यांना वाटलं आता ही गेली कामावरून. पण काही दिवसांनी ड्युटी बदलताना ते स्वतः दाराशी थांबले आणि म्हणाले, "माझ्याकडे एक मुलगा आहे. फार जुना." आमच्या बाईनं म्हटलं, "घेतला, सर." ते मान हलवून जिना उतरून गेले.

हे तिनं मला खुर्चीत बसून सांगितलं. बूट काढता काढता. एक बूट हातात धरून ती सांगत होती आणि दुसरा पायातच होता, आणि मी चहा गाळायचं विसरले.

बसवाल्या काकांना तिनं पहिल्याच दिवशी सोपवलं होतं. काय म्हणालीस, मी विचारलं. "म्हटलं, ते रोज विचारायचे, मी खाल्लं का." आणि ज्यानं घेतला तो डॉक्टर तेव्हापासून तिला विचारतो. डबा रिकामा येतो आता.

सगळे दिवस काही सारखे नसतात. अजूनही कधी ती आली की खांदे वर असतात. तेव्हा आम्ही तिच्या वाटेला जात नाही, ताट झाकून ठेवतो. ड्युट्या कमी झाल्यात, पण फार कमी नाहीत. वॉर्ड तोच, खाटा त्याच.

परवा सकाळी, न सांगता सवरता, ती माझ्यासमोर स्टूल ओढून बसली. नळी काढली. दोन्ही टोकं कानात घातली, मला दाखवून, एखाद्या जादूगारानं रिकामे हात दाखवावेत तशी. मग माझ्या छातीला लावली आणि डोळे मिटले. भिंगरीला "शू" केलं. किती ऐकलं बाई तिनं! मला वाटलं माझ्या छातीत कोणी गोष्ट सांगतंय की काय.

डोळे उघडून म्हणाली, "आई, मधूनच एक ठोका चुकतो."

"चुकू दे. या वयात मी भाजीत मीठही चुकते."

"तेव्हाही चुकत असणार." तिचा हात तसाच माझ्या छातीवर होता. "त्या दिवशी."

"असेल. आता ऐकलास ना?"

"ऐकला." मग नळी गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "आई, मी नाही सोडत."

मी भिंगरीची वेणी घालायला घेतली, नाहीतर तिला माझे डोळे दिसले असते.

पण त्यापुढं काय झालं ते ऐका. मला वाटलं गोळी देईल नि संपलं. तर म्हणते, "घरच्या माणसाला मी तपासणार नाही. तुम्ही हृदयाच्या डॉक्टरांकडे चला. रांगेत बसायचं, सगळ्यांसारखं." मला ओढतच नेलं. लिफ्टमधून, बरं का. आता ती चालते, फक्त दुसऱ्या मजल्यावर जरा विचार करते.

तिथंही खुर्च्या, पंखा, कुंडी. आमची डॉक्टरीणबाई माझी पिशवी मांडीवर घेऊन शांत बसली होती, भिंतीवरच्या तक्त्याकडे बघायलासुद्धा उठली नाही. शेजारच्या आजोबांनी मला विचारलं, "तुम्हाला काय होतंय?"

"मला?" मी म्हटलं. "काही नाही. हिला आणलंय."